तीन ठोके

खरवई, बदलापूर (पूर्व)
६ सप्टेंबर २००९

प्रिय महेंद्र,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील, मग चहा पिशील, मग उघडशील. तुला लहानपणापासून ओळखते मी. चार वर्षांत मी तुला एकही ओळ लिहिली नाही, आणि फोनवर आपलं बोलणं म्हणजे बरा आहेस ना, बरी आहेस ना, ठेवते. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला जे सांगायचं ते राहून जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाच, आणि रागवायचं असेल तर शेवटी रागव.

आधी बातम्या. आपल्या जुन्या वस्तीत, कॅम्प पाचमध्ये, तुझ्या नाटकाचा बॅनर लागलाय, आपल्या विहाराच्या कोपऱ्यावर. 'चार नंबरची टाकी', दोन अंकी नाटक, रविवार २७ सप्टेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी. तुझा दाढीवाला फोटो आहे. दाढी तुला शोभत नाही, पण ते जाऊ दे. आम्ही खोली विकून इकडे खरवईला राहायला आलो तरी रेशनकार्ड अजून तिकडचंच आहे, म्हणून गेल्या आठवड्यात गेले होते. तर लच्छू किराणावाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि विचारायला लागला, दीदी, अपने महेंद्र का ड्रामा है ना, जिसके लिए डब्बा मैंने दिया था. सहा वर्षं झाली, त्याला तो गोडेतेलाचा डबा आठवतोय. तुला आठवतो का, हेच मला विचारायचं आहे. त्या डब्यासाठीच हे पत्र आहे असं समज.

पप्पांनी आपल्याला सुकऱ्याची हकिगत सांगितली तो दिवस मला अजून तसाच दिसतो. मे महिना होता. केमिकल कंपनीतून, कामावरून आले ते चपलांसकट आत आले, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि आईच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसले. सुकऱ्या बारवीकडच्या वाडीवरचा, ठेकेदाराचा माणूस. चार नंबरच्या टाकीत उतरून तळाचा गाळ काढायचं काम त्याला दिलं होतं. पप्पांनी ठेकेदाराला सांगितलं की आधी आतला वायू तपासून घे, निदान त्याच्या कमरेला दोर तरी बांध. ठेकेदार म्हणाला, भीमराव, पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही तुमचं बघा. दहा वाजले होते, पप्पांच्या रिॲक्टरचं रीडिंग घ्यायची वेळ झाली होती, म्हणून ते शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. रीडिंग लिहून परत आले तोवर सुकऱ्या तळाशी पडला होता. त्यांनीच त्याला बाहेर काढला, पण तो गेला होता. त्या दिवशी आत गेलेला वायू त्यांच्या छातीतून कधी पुरता निघाला नाही, असं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण मला वाटतं.

तू शंभर पानी वही घेऊन अकरा दिवस त्यांच्यासमोर बसलास. ते बोलत होते आणि तू लिहीत होतास. त्यांचा खोकला आला तर तू तिथं 'खोकतो' असंसुद्धा लिहायचास आणि मी तुला हसायचे. पण ते स्वतः मात्र किती जपून बोलायचे, आठवतं का? इतकं दिसलं, एवढं दिसलं नाही. हे ऐकलं, ते दुसऱ्याकडून कळलं. बाकीचे ऑपरेटर खुर्चीत बसून आठ तासांची रीडिंगं एकदम भरायचे आणि पप्पा दर तासाला मीटरच्या काट्यासमोर जाऊन उभे राहायचे. डोळ्यांनी बघितलं नाही ते कागदावर चढवायचं नाही. तू त्यांना काटेसाहेब म्हणून चिडवायचास, आणि ते चिडायचे नाहीत, उलट त्यांना ते आवडायचं. त्या वहीत एकांकिकेचा शेवट तू असा लिहिला होतास, की सुकऱ्या टाकीत उतरतो, ऑपरेटर घड्याळ बघून रीडिंगला जातो, अंधार. बस, एवढंच. ती वही माझ्याकडे आहे. घर बदलताना तुझी सगळी पुस्तकं मी खोक्यात भरली, वही मात्र माझ्या कपाटात ठेवली.

आता अंबरनाथची स्पर्धा आठव. तालमी आपण विहारात केल्या होत्या, तिथं आपला दिवेवाला नरेंद्र दाराजवळच्या बटणापाशी उभा राहायचा, त्याला टाकी समोर दिसायची आणि तो वेळेवर ट्यूबलाइट बंद करायचा. स्पर्धेच्या हॉलमध्ये दिव्यांची पेटी निघाली नेमकी पडद्यामागच्या कोपऱ्यात, प्लायवूडच्या टाकीच्या पाठीशी. नरेंद्रला काही दिसेना. आपला नंबर आलेला, आधीच्या नाटकाची मंडळी मागे सामान उचलतायत, आणि तो मला म्हणाला, ताई, तो पूर्ण आत उतरला की कायतरी आवाज दे, नाहीतर मी अंधार करणार कधी? माझ्या हाताशी सामानाचा तेलाचा डबा होता, लच्छूकडचा, आणि ठेकेदाराच्या हातात द्यायचा पाना होता. सुकऱ्या आत उतरला. मी डब्यावर पाना मारला. अंधार झाला नाही. मी थांबले, परत मारला. तरी नाही. तिसऱ्यांदा जोरात मारला तेव्हा कुठे नरेंद्रनं दिवे घालवले. त्याच्या कानाशी चाललेल्या सामानाच्या आवाजात पहिले दोन ठोके त्याला ऐकूच आले नव्हते. म्हणून तीन झाले, महेंद्र. त्याच्यापलीकडे त्या तिनाला काही अर्थ नव्हता.

आणि लोक रडत होते. मी विंगेत नरेंद्रला शिव्या घालत होते आणि पलीकडे लोक रडत होते. परीक्षकांनी बक्षीस देताना सांगितलं की टाकीतून आलेले ते तीन ठोके आम्ही विसरणार नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि आपण दोघं असं हसलो की नरेंद्रनं आपल्याला बाहेर ढकललं. दुसऱ्या दिवशी तू नवी वही काढलीस, ठोके लिहिलेस आणि ऑपरेटरच्या तोंडी एक वाक्य घातलंस, तीन ठोके ऐकले मी, आणि पाय उचलला नाही. वाक्य चांगलं होतं. पप्पांनी तेव्हाच तुला विचारलं होतं, ठोके कशाला घातलेस रे, मी तर असं काही सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, पप्पा, नाटकात लागतं. त्यांनी मान हलवली. तुझ्यावर त्यांचा फार भरवसा होता.

त्यानंतर मी प्रत्येक प्रयोगात तो डबा वाजवला. मला ते फार आवडायचं, हे आज कबूल करते. शाळेत मी दिवसभर दाखले लिहिते, माझ्या हातानं कुणी रडत नाही. इथं पाना उचलला की अख्खा हॉल श्वास धरायचा. म्हणून जेव्हा तू वाडीवरून सरूला आणलीस, सुकऱ्याच्या बायकोला, आणि बदलापूरच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसवलीस, तेव्हाही मी वाजवला. कमी जोरात वाजवावा असंसुद्धा मनात आलं नाही. प्रयोग संपल्यावर ती खुर्चीचा हात धरून बसून राहिली, उठेचना. तिला वाटलं तिचा माणूस आतून वाजवत होता आणि कुणी आलं नाही. तिला जाऊन सांगायला हवं होतं की बाई, तो डबा होता. तू नाही सांगितलंस, मी पण नाही सांगितलं. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती, ती आता वाटते.

मग सरूच्या भरपाईच्या केसमधली ठाण्याची साक्ष. तू त्या दिवशी पुण्यात प्रयोगाला होतास, तुला जे कळलं ते नरेंद्रच्या फोनवरून, की पप्पा साक्षीत फिरले. नरेंद्र तरी कुठे आत होता, तो बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. आत मी होते. पप्पांनी सगळं सांगितलं, दोर दिला नव्हता, वायू तपासला नव्हता, मी दोनदा बोललो होतो. अगदी सरळ उभे राहून सांगितलं. मग कंपनीच्या वकिलानं पिशवीतून दिवाळी अंक काढला, तुझी एकांकिका छापून आलेला. विचारलं, हे तुमच्या मुलानं लिहिलं का? हो. यातला ऑपरेटर म्हणजे तुम्हीच का? हो. आता बघा, दोराबद्दल तुम्ही आत्ता जे बोललात तेच शब्द इथं छापलेत. हो, असणारच म्हणाले पप्पा, मीच सांगितलेले. मग त्यानं पान उलटलं. इथं लिहिलंय की तीन ठोके ऐकले. तुम्ही ऐकले का?

पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. सरू माझ्या शेजारी बसली होती, तिच्याकडे बघितलं. हो म्हणाले असते तर कुणी त्यांना पकडणार नव्हतं, ठेकेदार तेव्हा बाहेर होता, शेडमध्ये दुसरं माणूसच नव्हतं. पण ज्या माणसानं तीस वर्षं न बघितलेलं रीडिंग लिहिलं नाही तो न ऐकलेले ठोके कुठून ऐकणार? ते म्हणाले, नाही, मी ऐकले नाहीत. मग तो वकील हसला. मग यातलं काय खरं आणि काय नाटक, तुम्हीच सांगा, की तुम्हाला पण मुलानंच पाठ करून दिलंय? सगळं तिथंच कोसळलं. सरूच्या हाताला काही लागलं नाही, ठेकेदार सुटला. पप्पा फिरले नव्हते, महेंद्र. त्या खोलीत एकटे तेच खरं बोलले होते.

आणि तू दुसऱ्या दिवशी आलास आणि दारात उभा राहून त्यांना कंपनीचा कुत्रा म्हणालास. आपल्या बराकीतल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. पप्पा तेव्हा तांदूळ निवडत होते, त्यांनी ताट खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. मी गॅसजवळ होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, की अरे, ठोके माझे आहेत. नाही बोलले. का, ते खूपदा स्वतःला विचारलंय. तुझं नाव होऊ लागलं होतं, मोठी माणसं तुला बोलावत होती, आणि सगळी त्या ठोक्यांचंच बोलायची. मला वाटलं हे बोलले तर तुझं नाटक कोसळेल. शिवाय तुला माहीतच आहे असं मी धरून चालले होते. रागात बोलतोय, चार दिवसांनी येईल, असं वाटलं. तू चार दिवसांनी आला नाहीस. तू दुसरा अंक लिहिलास.

तो मी बघितलाय. तुला सांगितलं नव्हतं, मुंबईला जाऊन शेवटच्या रांगेत बसून बघितलाय. म्हातारा ऑपरेटर कोर्टात उभा राहतो, मी काहीच ऐकलं नाही म्हणतो, आणि तेवढ्यात सगळ्या हॉलमधून, मागून पुढून, स्पीकरवर ते तीन ठोके. माझ्या शेजारच्या बाईनं त्या म्हाताऱ्याला शिवी दिली. मला लाज वाटायच्या आधी काय वाटलं सांगू? वाटलं, माझा डबा किती मोठा झाला. त्यानंतर बाहेर येऊन फुटपाथवर बसले आणि रडले. पुढे तुझी मुलाखत पेपरात वाचली, तुझ्या वडिलांनी तुला हे ठोके डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते म्हणे. तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तू विसरलास. इतक्या वेळा ऐकून तुझा त्याच्यावर विश्वास बसला. मला तुझा राग यापेक्षा जास्त करता येत नाही, कारण विसरलेला तू एकटाच नाहीस.

यंदा मे महिन्यात शेजारच्यांनी हौसेनं तुझ्या नाटकाची सीडी आणली. मी शाळेत होते, नाहीतर लावू दिली नसती. पप्पांनी बघितली, मग म्हणे परत लावायला सांगितली. संध्याकाळी माझ्याबरोबर नेहमीसारखे जेवले. जून गेला, जुलै आला, आणि एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना म्हणाले, यशो, मी ऐकले होते ग. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, ठोके. रीडिंग घेताना ऐकले, पण वाटलं पाइप वाजतोय. पोरगं बरोबर बोलत होतं. मी सगळं सांगितलं त्यांना, डबा, पाना, नरेंद्र, दिव्यांची पेटी. ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू माझी लेक, तू मला सांभाळूनच घेणार, म्हणाले. नरेंद्र सौदीला, त्याचा फोन जोडून दिला, तो पण तेच बोलला, तर म्हणाले तो तुझाच दोस्त, तू शिकवलं असशील. महेंद्र लिहिणारा आहे, त्यानं चौकशी केल्याशिवाय लिहिलं नसतं, आणि छापून आलंय ना. छापलेल्यावर त्यांचा किती विश्वास, तुला माहीत आहे.

त्यांनी मला वाडीवर न्यायला लावलं. भाताची लावणी चालू होती, रिक्षा बांधापर्यंतच गेली, पुढे त्यांना मी आणि रिक्षावाल्यानं धरून नेलं. सरू चिखलातून वर आली, हात धुतले. पप्पांनी वाकून तिचे पाय धरले आणि सांगितलं की बाई, मी ऐकलं होतं आणि कोर्टात नाही म्हटलं. मी तिथंच उभी होते. सरूनं त्यांना उठवलं. रडली नाही. फक्त विचारलं, किती येळ वाजवीत व्हता? पप्पा म्हणाले, तीनदा. मग तिनं आम्हाला कोरा चहा दिला. सुकऱ्यानं खरंच आतून वाजवलं की नाही, हे तुला, मला, कुणालाच माहीत नाही. कदाचित वाजवलंही असेल. पण पप्पांनी ते ऐकलेलं नाही, आणि ऐकून ते उभे राहिले असते असा तो माणूस नाही, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची खात्री देता येत नाही असं स्पष्ट सांगितलंय. हे तुझ्यापासून लपवायला पप्पांनीच सांगितलं होतं, तू धावत येशील आणि नाटकाचं नुकसान होईल म्हणून. त्यांनी माझ्याकडून २७ तारखेचं पहिल्या रांगेतलं तिकीट आणवलंय, पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावून ठेवलाय. पडदा पडला की ते उभे राहणार आणि कॅम्प पाचच्या सगळ्या लोकांसमोर सांगणार, की मी ठोके ऐकले होते, कोर्टात खोटं बोललो, माझ्या पोरानं लिहिलं ते खरं आहे. आयुष्यात त्यांनी सगळ्यात महागातलं जे खरं बोलून दाखवलं ते खोटं होतं म्हणून कबूल करून जाणार, आणि तेही तुझ्या टाळ्यांत. मी त्यांना अडवू शकत नाही. माझं ते ऐकत नाहीत. ऐकतील तर तुझं. सोबत तुझ्या पहिल्या वहीचं शेवटचं पान पाठवतेय, तुझ्याच अक्षरात आहे, नीट बघ, त्यात एकही ठोका नाही. नाटकात काय ठेवायचं नि काय काढायचं ते मागाहून तुझं तू ठरव. पण २७ च्या आधी घरी ये, हे पान हातात घेऊन त्यांच्या खाटेशी बस, आणि तूच सांग की पप्पा, ते ठोके तुम्ही ऐकले नव्हते, आम्ही घातले. हाक मारायला त्यांना आता दम पुरत नाही, काही हवं असलं की पाण्याचा पेला खाटेच्या लोखंडावर वाजवतात. मी त्यांना बजावून ठेवलंय की दोनदाच वाजवायचं, मी दुसऱ्यालाच येते.

वाट बघतेय.

तुझीच,
डबा वाजवणारी ताई
यशोधरा